बेंबीवरचा पहारा

माझ्या विनोदांना आजवर सगळ्यात मोठी दाद दिली ती माणसांच्या निर्जीव पायांनी. घरात माझ्या विनोदांवर कोणी हसत नाही. मी तोंड उघडायच्या आत बायको 'झालं?' विचारते. पण मणक्याला मार बसून ज्यांचं खालचं अंग बंद पडलंय अशी माणसं माझ्यासमोर गादीवर आडवी असायची, मी काहीतरी पाचकळ बोलायचो, ती हसायची आणि त्यांचे पाय ताडकन उडायचे. एकदा अशाच एका पायाने माझ्या हातातला चहाचा कप थेट भिंतीवर पोचवला. कुठल्या नटाला अशी दाद मिळते, सांगा.

मी फिजिओथेरपिस्ट. आयुष्य उपनगरांतल्या हॉस्पिटलांत गेलं. आता निवृत्त झालोय, म्हणजे मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले सगळे गुडघे फुकटात माझ्याकडे येतात. नातेवाइकांत माझी ओळख 'मालिशवाला परब' अशीच. माझी आई गिरणी कामगाराची बायको, तिने शेवटपर्यंत मालवणी सोडली नाही. शेजारणींना ती सांगायची, "माझो झील डागदर आसा, पण सुयो टोचणारो न्हय." एवढी नेमकी व्याख्या मला परीक्षेतही लिहिता आली नव्हती.

तर पाय का उडायचे? मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली जातो. रज्जूला इजा झाली की हुकूम वाटेत अडकतो. पण इजेच्या खालच्या भागात स्वतःची थोडी हुशारी शिल्लक असते. हसण्याचा, खोकल्याचा, अगदी चादर ओढल्याचा धक्का लागला तरी ती बिथरते आणि पायाला झटका देते. त्यात मालकाचा काही हात नसतो.

हे मी कॉलेजात शिकलो होतो. तरी नोकरीच्या सुरुवातीला घाटकोपरचे एक कापड दुकानदार माझ्या विनोदावर खदखदून हसले, त्यांचा अंगठा हलला आणि मी वॉर्डभर ओरडलो, "हलला! हलला!" तासाभरात त्यांच्या घरच्यांनी अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. पुढे आमच्या विभागप्रमुख झालेल्या, तेव्हा माझ्याहून जेमतेम वर्षभर सीनियर असलेल्या कर्णिक मॅडमच्याही हातावर एक आला. पेढा तसाच धरून त्या मला म्हणाल्या, "परब, अंगठा त्यांनी हलवला का?"

"हलला तर खरा, मॅडम."

"पंखाही हलतोय वर. जा, त्याला भरव पेढा."

मग त्या घरच्यांना खरं सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. त्या दिवसापासून गोडाचे पुडे दिसले की मला धडकी भरते.

आमच्या धंद्यातली दुसरी भानगड म्हणजे चोरी. एखादा स्नायू मेला की शेजारचा स्नायू त्याची हजेरी लावतो. मांडी उचलायला सांगितली तर पेशंट कंबर तिरकी करून पाय खेचतो आणि 'बघा, उचलला' म्हणतो. त्याला फसवायचं नसतं. त्याला फक्त तुम्हाला खूश करायचं असतं, त्याहून जास्त स्वतःला. म्हणून फिजिओ अर्धा मास्तर असतो आणि अर्धा हवालदार. मी मास्तर बरा होतो. हवालदार म्हणून माझी बदली गडचिरोलीला व्हायला हवी होती.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत आमच्या हॉस्पिटलात स्टेम सेलची चाचणी सुरू झाली. स्टेम सेल म्हणजे अशा पेशी, ज्यांनी पुढे काय व्हायचं हे अजून पक्कं ठरवलेलं नसतं. आमच्या नात्यात अशी बरीच मुलं आहेत. पेशंटच्याच कमरेच्या हाडातून या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि मग ऑपरेशन करून मज्जारज्जूत जिथे इजा झाली तिथे नेऊन ठेवायच्या. त्या तिथे नवा रस्ता बांधतात असं लोकांना वाटतं. आमचे सर्जन तसं म्हणत नसत. रज्जू बहुतेक वेळा पूर्ण तुटलेला नसतो, काही तंतू जिवंत असूनही गप्प पडलेले असतात. पेशींनी आजूबाजूची सूज आवरावी, या तंतूंना खतपाणी द्यावं, एवढीच आशा. तंतू जागे झालेच तर त्यांना कामाला लावायचं ते आम्ही, व्यायामाने. आणि हे सगळं खरोखर होतं का, तेच तर बघायचं होतं. चाचणी म्हणतात ती म्हणूनच.

बातमी फुटल्यावर माझा फोन वाजायचा थांबेना. मालाडहून एका काकांनी गुडघ्यासाठी विचारलं. नाहूरच्या माझ्या साडूला टकलासाठी हवं होतं. "थोडं उरलं तर बघ ना," म्हणाला, जणू लग्नातला पुलावच.

चाचणीत आला तो बस्त्याव. गोराईच्या खाडीपलीकडच्या गावातला, ख्रिस्ती मराठी घरातला. थोडी शेती, थोडे माड. आणि भाऊ पावलूच्या ब्रास बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवायचा. लग्न असो, मयत असो, गावदेवळातला, म्हणजे चर्चमधला सण असो, पुढच्या ओळीत उजवीकडे बस्त्याव. स्वतःच्याच माडावरून नारळ काढताना खाली आला आणि छातीच्या खालचं सगळं बंद झालं. त्याला वर्ष उलटून गेलं होतं. आम्हाला अशीच जुनी दुखणी हवी होती, कारण पहिल्या काही महिन्यांत थोडंफार आपोआप परत येतं. वर्षानंतर सहसा काही येत नाही. आलं तर त्याची दखल घ्यावी लागते.

पहिल्या भेटीत आम्ही सगळ्यांना विचारायचो, तुम्हाला काय परत हवंय? उत्तर ठरलेलं: चालायचंय. बस्त्याव म्हणाला, "मना ट्रम्पेट वाजवायचाय."

मी म्हटलं, "हात तर चालतायत की तुमचे."

"हातानं दाबायचा असतो, सर. वाजवायचा पोटानं असतो."

आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. श्वास आत घ्यायला छाती पुरते. तो जोराने बाहेर ढकलायला पोटाचे स्नायू लागतात, आणि बस्त्यावचं पोट म्हणजे नुसती पिशवी होती. साधा खोकलाही त्याला एकट्याने जमायचा नाही. त्याची बायको आग्नेस त्याच्या बरगड्यांखाली मूठ ठेवायची आणि तो खोकायला लागला की आत, वर दाबायची. हे तिला आम्हीच शिकवलं होतं. आग्नेसचे हात बोंबील सुकवून आणि विहिरीचं पाणी ओढून कमावलेले. तिने दाबलं की कफच काय, सकाळची पेजही बाहेर यायची.

पावलू एकदा त्याला भेटायला आला. ढोल तोच वाजवायचा आणि बँडचा मास्तरही तोच. जाडजूड, मिशाळ, रडू आलं की आवाज चढवणारा. भावाला समोसे भरवून झाल्यावर त्याने मला व्हरांड्यात ओढलं.

"सर, खरं सांगा. वाजवेल का?"

"सांगता येत नाही."

"त्याच्या जागी वसईचा इनास घेतलाय मी. चांगला वाजवतो. रोजचा नाय तो, उधारीचा. पण आता त्याला दुसरा बँड कायमचा बोलावतोय. पुढच्या सणापर्यंत थांब, असा शब्द घेतलाय त्याच्याकडून. तवर बस्त्यावनं मिरवणुकीचं गाणं एकट्यानं पुरं वाजवलं तर जागा त्याची. नाय तर इनास कायम."

"सख्ख्या भावाला परीक्षा?"

"भाऊ तो मेला तरी भाऊच हाय, सर. पण ट्रम्पेट नसला तर बँड बँड ऱ्हात नाय. बावीस घरांची चूल हाय माझ्या ढोलामागं. दया दाखवून मी त्याला खुर्चीत बसवू आणि हातात खुळखुळा देऊ? तो थुंकेल माझ्या तोंडावर."

एवढं बोलताना त्याचा आवाज फारच चढला, म्हणून तो जिना उतरून गेला.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर बस्त्याव मला म्हणाला, "कुल्ल्यातला माल पाठीत टाकला म्हणे. आता पाठीनं बसायला लागलो तर?" म्हणजे डोकं शाबूत होतं.

मग आठवडे गेले, महिने गेले, आणि काही होईना. रोज सकाळी मी त्याला बसवायचो, पाडायचो, परत बसवायचो. भिंतीवर टिश्यू पेपर धरायचा आणि तो फुंकरीने भिंतीला चिकटवून ठेवायचा, हा एक व्यायाम. त्याचा कागद लगेच जमिनीवर. आग्नेस तो उचलून परत भिंतीला लावायची आणि म्हणायची, "तुझ्यापेक्षा वारा बरा."

एक दिवस मी वॉर्डात शिरलो तर ट्रम्पेटचा सूर! खणखणीत, लांब. मी धावलो. बस्त्याव पलंगावर टेकून बसला होता, ट्रम्पेट ओठांना, गाल फुगलेले, डोळे चमकतायत. झकास! मी मोबाईल काढला, पुरी ओळ रेकॉर्ड केली आणि तडक मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. जाता जाता भेटेल त्याला दाखवला. लिफ्टवाल्यालाही दाखवला.

मॅडमनी चष्मा लावला. एकदा बघितला. दुसऱ्यांदा बघितला.

"परब, हा खाली कोपऱ्यात हात कोणाचा आहे?"

मी बघितलं. चादरीच्या कडेशी एक मूठ. बरगड्यांच्या खाली. सुराबरोबर आत जात होती, सुराबरोबर बाहेर येत होती.

"आग्नेसचा."

"मग प्रगती आग्नेसची झाली. तिची फाईल उघडायची का?"

नवराबायकोने आपसांत शोध लावला होता. खोकल्याला दाबते ती सुरालाही दाबेल. परत गेलो तर दोघं भांडत होती.

"तू लवकर सोडतेस. सूर संपायच्या आधी सोडतेस."

"मंग सूर कधी संपतो ते आधी सांग ना! मना काय ठाव? चपातीला पीठ मळते तशी मळते मी."

"चपाती नाय ती, देवाचं गाणं हाय."

खरं तर हा जुगाड मला फार आवडला होता. मी पावलूच्या कानावर घालून बघितला. तो म्हणाला, "मिरवणुकीत ती खुर्चीच्या पुढं उलटी चालत दाबत जाणार काय? लोक बँड ऐकतील की तिला बघतील?" तेव्हा तो विषय तिथेच मिटला. पोटाला बांधायचा रुंद पट्टा चालेल, असं मॅडम म्हणाल्या. तो चष्म्यासारखा, आधार देतो, काम तुमचंच. पण हात चालणार नाही.

यानंतर मी बस्त्यावच्या बेंबीवर पहारा बसवला. हे जरा समजावतो. तुम्ही उताणे झोपून मान उचललीत, हनुवटी छातीकडे नेलीत की पोट घट्ट होतं. वरचे स्नायू बेंबीला वर ओढतात, खालचे खाली, दोघांची ताकद सारखी म्हणून बेंबी जागच्या जागी. बस्त्यावचे दोन्हीकडचे बंद, म्हणून त्याचीही बेंबी जागच्या जागी. पण इजेच्या जवळचे, म्हणजे वरचे, जरा जरी जागे झाले आणि खालचे झोपलेलेच राहिले, तर मान उचलल्यावर बेंबी वर सरकते. फार नाही, बोटाच्या पेरापेक्षाही कमी. पण सरकते. मी बेंबीच्या शेजारी बॉलपेनने एक रेघ मारली आणि रोज तिथे डोळे लावून बसू लागलो. वॉर्डबॉय मला 'योगीबाबा' म्हणू लागले.

काही दिवसांनी रेघ आणि बेंबी यांची फारकत झालेली दिसली. मान न उचलता! झोपलेल्या झोपलेल्या बेंबी रेघेच्या वर! मला हे शास्त्रात कुठे वाचल्याचं आठवेना, पण मला वाटलं, शास्त्रालाही अजून कळलं नसेल. मॅडमना बोलावलं. सोबत सर्जनसाहेबही आले. मी बोट दाखवून भाषण सुरू केलं. आग्नेस बाजूला उभी होती, ती हळूच म्हणाली, "अंग पुसताना तुमची रेघ गेली होती, सर. तुमी रोज बघताय म्हणून मी परत काढली. चुकली काय?"

सर्जनसाहेब खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. बस्त्याव हसला आणि त्याचे दोन्ही पाय उडाले. मॅडमनी पेनाचं टोपण उघडून माझ्या हातावर एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "हिच्यावर लक्ष ठेव. सरकली की सांग."

त्या संध्याकाळी मात्र मला हसू येईना. सण जवळ येत चालला होता. बस्त्याव भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी नेहमीसारखं काहीतरी बरळलो तर म्हणाला, "सर, इनास चांगला वाजवतो. मी ऐकलाय. पावलूला सांगा, त्याला कायम करून टाक. ताटकळत ठेवू नये कुणाला."

मी म्हटलं, "तू सांग ना. मी काय तुझा पोस्टमन आहे?"

तो वळला. बऱ्याच दिवसांनी त्याच्या डोळ्यांत राग दिसला. "मी नाय सांगणार," तो म्हणाला.

"मग ऊठ. कागद भिंतीला लाव."

चाचणीचा एक नियम असा की व्यायाम घेणारा आणि मोजणारा एक नसावा. व्यायाम घेणाऱ्याचा जीव गुंतलेला असतो, त्याला नसलेलं दिसतं. आमच्याकडे मोजायच्या मॅडम. आणि मोजताना मी पडद्याच्या बाहेर, कारण मी असलो की पेशंट हसतात आणि मग सगळंच उडायला लागतं. त्या संध्याकाळनंतरच्या पहिल्या मोजणीलाही मला बाहेर काढलं होतं. मी पडद्याला कान लावून उभा. आतून मॅडमचा सपाट आवाज. "उजवा पाय. अंगठा. नाही. डावा. नाही. गुडघा. नाही." नेहमीचीच यादी. मी घड्याळाकडे बघत होतो.

"मान उचला."

पलंग करकरला.

"सोडा. परत उचला. श्वास रोखू नका, बोलत राहा काहीतरी."

"काय बोलू?" बस्त्यावचा आवाज.

"काहीही."

"हे पित्या आमच्या, जो तू स्वर्गात..."

"थांबा. सोडा. उचला. थांबा."

आणि मग खूप वेळ काहीच नाही. मला वाटलं, वाट लागली, काहीतरी झालं त्याला. इतक्यात मॅडम म्हणाल्या, "परब, आत ये. तोंड बंद ठेवून."

मी आत गेलो. त्यांनी बस्त्यावच्या पोटावर आपली चार बोटं हलकेच ठेवली होती. माझा हात धरला आणि आपल्या बोटांच्या जागी ठेवला. मॅडमनी माझा हात धरल्याची आमच्या अख्ख्या ओळखीतली ही एकच वेळ. "उचला," त्या म्हणाल्या. बस्त्यावने मान उचलली, आणि माझ्या बोटांखाली, त्या पिशवीच्या आत, काहीतरी ताणलं गेलं. दोरीला कोणीतरी पलीकडून हळूच ओढ द्यावी तसं. बेंबी वर गेली. "सोडा." ओढ गेली, बेंबी खाली आली. "उचला." परत आली.

सांगितल्यावर येत होतं, सांगितल्यावर जात होतं. ना झटका, ना चोरी. मालक घरी परतला होता.

मी तोंड बंद ठेवलं. माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात कठीण कामगिरी तीच.

आता पुढची मेहनत सांगत बसत नाही, ती कंटाळवाणी होती आणि तीच माझी खरी कमाई आहे. स्नायू जागा होणं म्हणजे पहाटे मुलगा एक डोळा उघडतो तेवढंच. त्याला अंथरुणातून काढून, आंघोळ घालून शाळेत पोचवायचं बाकी असतं. आम्ही त्या पोटाला रोज शाळेत पोचवलं. कागद भिंतीवर टिकू लागला. बस्त्याव हाताचा आधार न घेता बसू लागला, आधी डुलत, मग ताठ. खोकला आग्नेसशिवाय येऊ लागला तेव्हा ती बाई चक्क रुसली. ट्रम्पेटचा रियाज आम्ही गच्चीवर पाण्याच्या टाक्यांमागे हलवला, कारण हाडांच्या वॉर्डातले पाय टांगलेले पेशंट तक्रार करत होते की आम्हाला पळूनही जाता येत नाही.

पाय? पायांत काही आलं नाही. उजव्या मांडीत कधीतरी एक बारीक कंप येतो, कामाचा नाही. बस्त्याव चालला नाही, चालणार नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण अशा कहाण्या शेवटी पेशंट पळत सुटतो तिथेच संपवायची लोकांना सवय असते.

आणि सगळ्यांना बस्त्यावएवढंही मिळालं नाही. विक्रोळीच्या एक शाळामास्तरीणबाई याच चाचणीत होत्या. मी सांगेन त्याच्या दुप्पट व्यायाम करायच्या. एकही दिवस चुकवला नाही. त्यांच्यात काहीच बदल झाला नाही. शेवटच्या दिवशी मला म्हणाल्या, "परब सर, माझ्या पेशी आळशी निघाल्या का हो?" मला हसून उत्तर देता आलं असतं. त्यांना तेच हवं होतं. नाही आलं. अजूनही ते वाक्य डोक्यात घोळतं.

बस्त्यावचं श्रेय कोणाचं? सर्जनसाहेब म्हणतात, पेशींचं असावं, पण एकट्या माणसावरून बोलू नये. मॅडम म्हणतात, जे दिसलं ते लिहा, कशाने झालं ते आत्ता लिहू नका. आग्नेस गावच्या वेशीवरच्या क्रूसाला मेणबत्ती लावते. मी चारचौघांत मॅडमचं वाक्य म्हणतो आणि घरी बायकोसमोर सगळं श्रेय स्वतः घेतो. ती म्हणते, 'झालं?'

सणाच्या दिवशी मी आणि मॅडम बोटीने खाडी ओलांडून गेलो. मॅडम चक्क हिरव्या साडीत. गावात पताका, तळलेल्या माशांचा वास, देवळासमोरच्या मैदानात बँड उभा. पुढच्या ओळीत उजवीकडे, निळ्या कोटात, चाकांच्या खुर्चीत बस्त्याव. कोटाखाली पट्टा. त्याच्या मागे वसईचा इनास, हातात ट्रम्पेट घेऊन. लागलंच तर वाजवायला. भला माणूस होता, बस्त्यावकडे बघून त्याने डोळा मारला. आग्नेस मैदानाच्या कडेला माझ्या शेजारी उभी राहिली.

पावलूने ढोलावर टिपरू मारलं आणि गाणं सुरू झालं.

पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. सूर थोडा बारीक होता, पण स्वच्छ. जिथे सूर लांबवायचा तिथे तिथे माझ्या बरगडीखाली काहीतरी रुतायचं. बघितलं तर आग्नेसची मूठ. तिचं लक्ष बस्त्यावकडे आणि दाबत होती मला. मी तिला दाबू दिलं. न जाणो, पोचत असेल.

तिसऱ्या कडव्यात तो थांबला.

ट्रम्पेट ओठांवरून खाली आला. चेहरा लालबुंद, तोंड उघडं, खांदे वरखाली. बाकीचा बँड वाजतच होता, मध्ये ट्रम्पेटच्या जागी भोक. इनासने ट्रम्पेट ओठांकडे नेला. पावलूने ढोल न थांबवता डावा हात उचलला आणि पंजा त्याच्यासमोर धरला. थांब. एका हाताने ढोल वाजवत तो भावाकडे बघत राहिला. मॅडमनी माझं मनगट पकडलं. म्हणजे वर लिहिलेलं चुकलं, त्यांनी माझा हात दोनदा धरला.

बस्त्यावने मान खाली घातली, श्वास भरला आणि आत शिरला. ओळ यायच्या जरा आधीच शिरला, पण शिरला. आणि मग सोडली नाही. शेवटचा सूर त्याने असा लांबवला की पताकांखालची पोरंसोरं गप्प झाली. मोजायला गेलो असतो तर मॅडमनी मला पडद्याबाहेर काढलं असतं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या. फादर डोळे पुसत पुढे आले, बायका आग्नेसला मिठ्या मारू लागल्या, कोणीतरी पेढ्यांचा पुडा काढला आणि मी दोन पावलं मागे सरलो. कोणीतरी म्हणालं, "देवाची करणी!" पावलूने टिपरू ढोलात खोचलं, गर्दी सारत बस्त्यावच्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला आणि अख्ख्या गावासमोर ओरडला,

"बस्त्या! तिसऱ्या कडव्याला लवकर घुसलास! बँडनं काय तुझ्या मागं धावायचं?"

सगळे चपापले. फादर तर मिठी मारायला पसरलेले हात तसेच धरून राहिले. बस्त्यावने वर बघितलं, कोटाच्या बाहीने तोंड पुसलं आणि पोटातून, अगदी पार पोटातून असा आवाज काढला की मैदानाच्या कडेला बांधलेल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या.

"लवकर मी नाय घुसलो! तुझा ढोल झोपला होता!"

"ढोलाला नावं ठेवतोस?"

"ठेवणार! झोपला तर ठेवणार!"

पावलूच्या मिश्या थरथरायला लागल्या. तो पाठमोरा झाला, इनासचा हात हातात घेऊन दोनदा हलवला, ढोल खांद्याला लावला आणि वळून न बघता, नेहमीपेक्षा फारच चढलेल्या आवाजात म्हणाला,

"सोमवारी प्रॅक्टिस हाय. टायमावर ये."